रक्तातील एक अक्षर

आमच्या या सीमाभागात सोयरीक जुळवायची म्हटली म्हणजे चौकशांना तोटा नसतो. कूळ कोणते, देवक कोणते, पत्रिका जुळते की नाही, जमीन कोरडवाहू की बागायती, मुलगा पुण्यास नोकरीला आहे की हैदराबादेस, या साऱ्याचा कसून तपास होतो. परंतु 'मुलगी घरचीच आहे, रक्ताचीच आहे' असे कोणी म्हटले की सारी चौकशी तेथेच थांबते आणि बोलणी थेट मुहूर्तावर येतात. ज्या रक्ताच्या भरवशावर ही चौकशी थांबते, त्या रक्ताविषयी मात्र एकही प्रश्न कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आता विचारला पाहिजे, सुपारी फुटण्यापूर्वी विचारला पाहिजे, आणि कोणासही कमीपणा न आणता विचारला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आम्ही का धरतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

रोग का होतो, या प्रश्नाला मनुष्याने आजवर अनेक उत्तरे दिली. देवीचा कोप, पूर्वजन्मीचे पाप, कोणाची दृष्ट, अशी उत्तरे फार काळ चालली. एकोणिसाव्या शतकात पाश्चर आणि कॉख यांनी सूक्ष्म जंतूंकडे बोट दाखविले, आणि पटकी, क्षय, प्लेग यांची कारणे कळली. तथापि काही रोग असे उरले, की ज्यांत ना जंतू सापडे, ना खाण्यापिण्यातील काही खोट. ते एखाद्या घरात पिढ्यान्पिढ्या डोके वर काढीत, मध्येच एखादी पिढी वगळीत, आणि लोक त्यास त्या घराला लागलेला शाप म्हणत. त्या शापाचा उलगडा ज्या शास्त्राने केला, ते रेणवीय जीवशास्त्र होय. शरीरातील अतिसूक्ष्म रेणूंची घडण पाहून जीवनाचे व्यापार समजून घेणे, हे त्याचे काम.

या उलगड्याचा आरंभ एका रक्ताच्या रोगापासून झाला. १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी मध्ये किंचित दबलेल्या चकतीसारख्या गोल असतात. या तरुणाच्या कित्येक पेशी लांबट व विळ्यासारख्या वाकड्या दिसत होत्या. यावरूनच या रोगास पुढे सिकलसेल हे नाव पडले. पेशी वाकडी का होते, हे मात्र जवळजवळ चाळीस वर्षे कोणास सांगता आले नाही. १९४९ साली लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की या रोग्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन विजेच्या प्रवाहात निरोगी हिमोग्लोबिनहून निराळे वागते. म्हणजे दोष रेणूतच आहे. आपल्या निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी या व्याधीस 'रेणूचा रोग' म्हटले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत असल्याचे सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढचे पाऊल केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये टाकले. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. त्यांपैकी दोन साखळ्यांत प्रत्येकी १४६ मणी ओवलेले असतात, आणि या मण्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. इंग्रॅम यांना आढळले, की या साखळीतील सहाव्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले आहे. बाकी सारे मणी जागच्या जागी! पुढे डीएनएची लिपी वाचता येऊ लागली तेव्हा कळले, की या एका मण्याच्या बदलामागे त्या लिपीतील एकाच अक्षराचा बदल आहे. मनुष्याच्या शरीराचा हा ग्रंथ सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. त्यातील एक अक्षर बदलले आणि आयुष्य बदलले.

आमच्या विद्यार्थ्यांस हे नवल वाटू नये. शुद्धलेखनाच्या तासाला 'शिर' आणि 'शीर' यांतील भेद आम्ही त्यांना दरवर्षी शिकवितो. एका वेलांटीने मस्तकाची रक्तवाहिनी होते. वहीतील चूक तांबड्या शाईने दुरुस्त करता येते; रक्तातील चूक मात्र प्रत्येक पेशीत उतरलेली असते.

आता ही चूक शरीरात काय करते ते पाहू. हिमोग्लोबिनचे काम फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो अंगभर पोचविणे. बदललेले हिमोग्लोबिन हे कामही करते. परंतु प्राणवायू देऊन झाला की त्याचे रेणू एकमेकांस चिकटू लागतात, त्यांच्या लांब ताठर दोऱ्या वळल्या जातात, आणि मऊ पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाटाच्या तोंडाशी काटक्या साचल्या म्हणजे पुढच्या वाफ्याला पाणी मिळत नाही, तशी पुढच्या अवयवाची गत होते. हाडे व सांधे असह्य दुखू लागतात, पाणथरी निकामी होते, साधा ताप जिवावर बेततो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, मूल फिकट राहते, खेळात दमते, वर्गात मागे पडते. अशा मुलास आळशी म्हणणे किती अन्यायाचे, हे आम्हां शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शरीराच्या ग्रंथाच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एका प्रतीत चूक आणि दुसरी शुद्ध असेल, तर मनुष्य बहुधा धडधाकट असतो. त्यास वाहक म्हणतात. दोन्ही प्रतींत तीच चूक आली तरच रोग होतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक वाटा रोगाचा, दोन वाटे वाहकपणाचे आणि एक वाटा पूर्ण शुद्धतेचा. शाप मध्येच एखादी पिढी का वगळतो, याचे उत्तर एवढेच आहे.

मग ही चूक इतकी वर्षे टिकली कशी? त्याचेही उत्तर मिळाले आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले, की जे या अक्षराचे वाहक असतात त्यांना हिवतापाच्या घातक प्रकारापासून काहीसे संरक्षण मिळते. डासांच्या व रानांच्या प्रदेशात या एका चुकीच्या प्रतीने असंख्य बालकांचे प्राण वाचविले, म्हणून ती तेथे टिकली. ज्या अक्षराने एका घरात मूल दगावले, त्याच अक्षराने दुसऱ्या घरात मूल जगविले. त्यात पाप कोणाचे आणि पुण्य कोणाचे?

आपल्या देशात हा रोग १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. पुढे विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत, मेळघाटात, आणि खानदेशाकडे नंदुरबार व धुळे भागांत तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे कळले. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक प्रश्न म्हणून संपविणे, हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्या व्यक्तीला तिच्या रक्ताची स्थिती सांगणारे कार्ड दिले जाते. विवाहापूर्वी दोघांची कार्डे शेजारी ठेवून पाहावीत, हा त्यामागील हेतू. आम्हांस ही नवी पत्रिकाच वाटते, आणि जुन्या पत्रिकेहून ती अधिक भरवशाची आहे.

वाचक म्हणतील, गडचिरोली कोठे आणि मन्नाएखेळ्ळी कोठे! हे खरे. परंतु वरील हिशेब एकट्या सिकलसेलचा नाही. थॅलेसेमिया याच नियमाने चालतो. त्यात हिमोग्लोबिनची साखळी पुरेशी तयारच होत नाही, आणि तीव्र रोग असलेल्या बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. जन्मजात बहिरेपणाचे कित्येक प्रकार आणि अन्य शेकडो दुर्मीळ व्याधी याच वाटेने येतात. आपल्या गावावरून जाणारा हमरस्ता एका बाजूस सोलापूर गाठतो आणि दुसऱ्या बाजूस हैदराबाद. त्या हैदराबादेत सीसीएमबी या नावाने ओळखले जाणारे पेशी व रेणूंच्या संशोधनाचे मोठे केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांची जनुके त्यांनी तपासली. त्यांपैकी ८१ गट फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले. त्यांत दहा लाखांहून मोठी लोकसंख्या असलेलेही गट होते. थोड्या पूर्वजांचा वंश पिढ्यान्पिढ्या आपल्यातच विवाह करीत राहिला म्हणजे त्या पूर्वजांपैकी एखाद्याच्या प्रतीतील चूक साऱ्या समाजात पसरते. म्हणजे भिंत बांधली जातीने, आणि पाणी तुंबले रक्तात.

त्या भिंतीच्या आत आमच्याकडे आणखी एक कुंपण आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक इंग्रजी ग्रंथात दाखविले, की उत्तर भारतात जवळच्या नात्यात विवाह निषिद्ध, दक्षिणेत तो इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे. आमचा सीमाभाग तर त्या सीमेच्याही सीमेवर. येथे मराठी घरात मामाच्या मुलीस पहिला मान, कानडी घरात थोरल्या बहिणीची मुलगी मामास देण्याची चाल, आणि मुसलमान बांधवांत चुलत-मावस भावंडांचे विवाहही होतात. आमची घरची बोली कोंकणी. आमच्या किनाऱ्याकडेही मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानणारी घरे आहेत. तेव्हा हे आम्ही परक्याच्या तोऱ्याने लिहीत नाही.

या चालीमागे शहाणपण नव्हतेच, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. मुलगी परक्या घरात न जाता आजीच्याच घरी जाते, तिची भाषा व सवयी तेथे ठाऊक असतात, जमिनीचे तुकडे पडत नाहीत, म्हाताऱ्यांस आधार राहतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मामा-भाचीचा विवाह निषिद्ध नात्यांत धरला असला, तरी जेथे तशी रूढी आहे तेथे सूट ठेवली आहे. म्हणून कायद्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. तो गणिताने सुटतो, आणि ते गणित आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांस सहज करता येईल.

समजा, आजीच्या एका प्रतीत चूक आहे, आजोबांच्या दोन्ही प्रती शुद्ध आहेत, आणि बाहेरून घरात आलेल्या जावयाच्या प्रतीही शुद्ध आहेत. आजीच्या मुलास, म्हणजे मामास, ती चूक येण्याचा संभव दोनांत एक. तिच्या मुलीस तितकाच. आणि त्या मुलीच्या मुलीस, म्हणजे भाचीस, चारांत एक. मामा व भाची दोघेही वाहक असण्याचा संभव आठांत एक, आणि त्यांचे एखादे मूल रोगी जन्मण्याचा संभव बत्तिसांत एक. तोच मामा दूरच्या घरची मुलगी करील, आणि त्या समाजात शंभरांत एक वाहक आहे असे धरले, तर संभव आठशेंत एक. पंचवीसपट फरक!

या हिशेबातच वडीलधाऱ्यांच्या नेहमीच्या आक्षेपाचे उत्तर आहे. 'आमच्या घरात चार पिढ्या हेच चालत आले, कोणास काही झाले नाही,' असे ते म्हणतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. बत्तिसांत एक म्हणजे एकतीस वेळा काहीच घडत नाही. शिवाय पुष्कळ घरांत ती विशिष्ट चूक नसतेच. परंतु ज्या घरात बत्तिसावे मूल जन्मते, त्या घरास एकतीस निरोगी मुलांचा हिशेब सांगून काय उपयोग? आणि पूर्वी तान्ही मुले इतक्या कारणांनी दगावत, की रक्ताच्या दोषाने कोणते गेले हे कळण्याची सोयच नव्हती.

येथवर आमचा मार्ग सोपा होता. खरी अडचण पुढे आहे. चाचणी झाली, एखादी मुलगी वाहक निघाली, आणि ती गोष्ट गावभर झाली, तर काय होईल? आमच्या समाजाचा स्वभाव पाहता उत्तर सांगावयास ज्योतिषी नको. मुलगा वाहक निघाला तर ते झाकले जाईल. मुलगी निघाली तर तिला पांढऱ्या पायाची ठरविले जाईल. शाप गेला आणि शिक्का आला, एवढाच फरक. ग्रीस देशातील ऑर्कोमेनोस या गावी १९७० च्या आसपास नेमके हेच अनुभवास आले. तेथेही विवाह घरची माणसे ठरवीत. सिकलसेलची तपासणी झाल्यावर वाहक ठरलेल्यांकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि कित्येकांनी सोयरिकीच्या वेळी आपली स्थिती लपविली. शास्त्र बरोबर होते. समाजाची तयारी नव्हती.

याउलट सायप्रस बेटाचे उदाहरण घ्यावे. तेथे थॅलेसेमियाचा फार प्रादुर्भाव होता. १९८० च्या दशकात तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागण्यास आरंभ केला. परंतु त्या प्रमाणपत्रात चाचणीचा निकाल नसे. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढेच त्यात लिहिलेले असे. निकाल त्या दोघांजवळ, निर्णयही त्या दोघांचा. तपासणी सर्वांनाच, म्हणून कोणी एकटा बोटाने दाखविला गेला नाही. काही वर्षांतच त्या बेटावर नव्याने रोगी जन्मणाऱ्या बालकांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. एकाच प्रकारच्या चाचणीने एका गावात माणसे लपू लागली आणि एका बेटावर मुले वाचू लागली. फरक चाचणीत नव्हता. ती कशी मागितली, यात होता.

कोणी म्हणेल, विज्ञान इतके पुढे गेले आहे, तर रोग झाल्यावर बरा करता येणार नाही काय? त्या दिशेनेही आश्चर्यकारक काम झाले आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनेचे झटके पुष्कळ कमी करते. जनुकांतील हव्या त्या जागी काट घालण्याच्या युक्तीसाठी एमान्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच युक्तीवर आधारलेल्या सिकलसेलवरील उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका यांनी मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यामागे बावीस लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या देशातही दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेत विकसित झालेल्या 'बिरसा १०१' या उपचाराची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली, आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. तो स्वस्त होऊन खेड्यांपर्यंत पोचो, अशी आमची मनापासून इच्छा आहे. परंतु लक्षावधी रुपयांच्या उपचाराची वाट पाहण्यापेक्षा थोडक्या खर्चाची रक्तचाचणी आज करून घेणे, हा व्यवहार शेतकऱ्याच्या घरात कोणासही पटेल. पेरण्यापूर्वी बियाणे पारखणारा मनुष्य वेडा ठरत नाही.

तेव्हा आमचे सांगणे पालकांस एवढेच, की नात्यात सोयरीक करावयाची असो वा नात्याबाहेर, ती ठरण्यापूर्वी मुलगा व मुलगी दोघांचीही रक्तचाचणी करून घ्यावी. तीतून सर्वच दोष कळत नाहीत. परंतु सिकलसेल व थॅलेसेमिया यांचे वाहक कळतात. चाचणी मुलाची आधी करावी, म्हणजे मुलीवर बोट ठेवण्याची खोड आपोआप मोडेल. निकाल चावडीवर नेऊ नये. दोघेही वाहक निघाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि मोडलेल्या बोलण्याबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये. मुले अजाण असताना पाळण्यातच त्यांची सोयरीक ठरविण्याची चाल सोडून द्यावी. कारण ज्यांच्या रक्ताचा प्रश्न आहे, त्यांना तो समजण्याचे वय तरी येऊ द्यावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एक काम सांगतो. तुमच्या वर्गात एखादे मूल वारंवार आजारी पडत असेल, फिकट दिसत असेल, तर त्याच्या घराण्याविषयी कुजबुज करू नका. त्याच्या हातून कोणता अपराध घडलेला नाही, त्याच्या आईच्या हातूनही नाही. आपणांपैकी प्रत्येकाच्या प्रतीत अशा काही ना काही चुका दडलेल्या आहेत. कोणाच्या कोणत्या, हे बहुतेकांस ठाऊक नाही, इतकेच. हे जो ओळखतो, तो दुसऱ्याच्या रक्ताला नावे ठेवीत नाही, आणि स्वतःचे तपासून घेण्यास लाजतही नाही.